कांद्याची पट्टी आणि चादरीची पट्टी

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीतली एक हिशोबपट्टी देशभर गाजली. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकायला आणला. किलोला १ रुपया भाव मिळाला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा होऊन त्याच्या हातात उरले २ रुपये ४९ पैसे.

त्याच आठवड्यात अशोक चौकात चहा पिताना आमचा एक कारखानदार मित्र म्हणाला, "त्यात काय एवढं? आमचीबी पट्टी असलीच येते की बे. आमची मेलवर येते, म्हणून पेपरात येत नाही एवढंच."

हा मित्र सोलापूरच्या पूर्वभागातला. घरात तेलुगू, धंद्यात मराठी आणि हिंदी, आणि वडिलांच्या वेळचे माग अजून खडखडतायत. काही वर्षांपासून तो चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकतो. त्याने मोबाइलवर दाखवलेल्या त्या पट्टीत कपातीच्या इतक्या ओळी होत्या की एकेक समजून घेता घेता मला इंटरनेटवरच्या विक्रीची तीस वर्षं मागे जावं लागलं. कारण त्यातली प्रत्येक ओळ त्या तीस वर्षांत कधी ना कधी कुणीतरी शोधून काढलेली आहे.

ऑनलाइन म्हटलं की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं दिसतात. एक घाबरतात, दुसरी हात जोडतात. मला विचाराल तर हा साधा बाजार आहे. गिऱ्हाईक इकडे, माल तिकडे, आणि मधे कुणीतरी उभा. तो मधला माणूस कशाचे पैसे घेतो, एवढं विचारत गेलं की सगळी गोष्ट उलगडते.

पहिल्यांदा तो जागेचं भाडं घ्यायचा. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची एक आडवी रंगीत पट्टी झळकली. इंटरनेटवरची पहिली बॅनर जाहिरात म्हणून तिचंच नाव घेतात. व्यवहार आपल्या ओळखीचाच होता. रस्त्यावरच्या घराची भिंत पेंटरकडून रंगवून घ्यायची आणि घरमालकाला त्याचे पैसे द्यायचे. भिंत कुणी वाचली, कुणी नाही, हे घरमालक सांगत नाही. त्या पहिल्या पट्टीवर म्हणे बघणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांनी माउस दाबला. गड्ड्याच्या जत्रेत नवा पाळणा आला की पहिल्या दिवशी सगळं गाव रांगेत उभं असतं, तसलाच तो प्रकार. आज असल्या पट्टीवर शंभरात एकानेही बोट ठेवलं तर जाहिरातवाला पेढे वाटेल.

(फुकटात जाहिरात करायची खोड मात्र याहून जुनी. १९७८ साली डीईसी या संगणक कंपनीच्या एका विक्रेत्याने अर्पानेट या तेव्हाच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० लोकांना न विचारता एकच विक्रीपत्र धाडलं होतं. लोक भडकले, आणि काही यंत्रं विकलीही गेली. सकाळी सकाळी 'लोन हवंय का' विचारणाऱ्या मेसेजचे मूळपुरुष हेच.)

जुलै १९९५ मध्ये अॅमेझॉनने पुस्तकं विकायला सुरुवात केली. पुस्तकंच का? कारण पुस्तक हाताळून बघावं लागत नाही. मुंबईत घ्या नाहीतर मोहोळला, आतली पानं तीच. शिवाय ते नासत नाही आणि पोस्टाने जातं. चादरीचं तसं नाही. चादर आधी मुठीत चुरगळून बघायची, मग उजेडात धरायची, मग वजनाचा अंदाज घ्यायचा. चाटी गल्लीतला दुकानदार गिऱ्हाईकाचा हात चादरीवर पडेपर्यंत भाव सांगत नाही. त्यामुळे ज्या मालाला हात लावावा लागतो तो इंटरनेटवर उशिरा आला, आणि आला तेव्हा हाताचं काम फोटोवर, मापांवर आणि अनोळखी लोकांनी दिलेल्या चांदण्यांवर पडलं. ते काम त्यांना अजून पुरतं जमलेलं नाही, हे परत येणाऱ्या पार्सलांवरून कळतं. त्याकडे येतोच.

मधल्या काळात मोठी उलथापालथ झाली ती शोधयंत्रांमुळे. भिंतीचं भाडं देणाऱ्याचं दुखणं एकच असतं: जाणाऱ्या-येणाऱ्या हजारांपैकी चादर हवी असलेले किती? शोधयंत्रावर माणूस स्वतःच टाइप करतो, 'सोलापुरी चादर डबल'. त्याला काय हवंय ते त्यानेच सांगून टाकलेलं असतं. अशा माणसासमोर आपलं नाव यावं म्हणून दुकानदार वाटेल ते द्यायला तयार होणार. बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने १९९८ मध्ये या शब्दांचाच लिलाव सुरू केला. नाव दाखवायचे पैसे नाहीत, कुणी त्यावर बोट ठेवलं तरच पैसे. गूगलने २००० मध्ये अॅडवर्ड्स हे जाहिरातींचं दुकान आणलं तेव्हा आधी दाखवण्याचेच पैसे घेतले, आणि २००२ पासून तेही लिलावाच्या वाटेने गेले. या एका लिलावावर पुढे गूगलचं सगळं साम्राज्य उभं राहिलं.

हा लिलाव कसा चालतो ते जरा सावकाश बघू, कारण छोट्या धंदेवाल्याचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव होतो तेव्हा सगळ्यात वरची बोली लावणारा माल नेतो. शोधयंत्राच्या लिलावात विकायला असतं गिऱ्हाईकाचं लक्ष, आणि बोली लावणारे असतात दुकानदार. पण इथे वरची बोली जिंकेलच असं नाही. यंत्र आणखी एक गोष्ट बघतं: तुमची जाहिरात त्या शोधाला किती लागू पडते, लोक तिच्यावर बोट ठेवतील का, आणि ठेवल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का. त्याला गुण मिळतात. ढोबळमानाने बोली गुणिले गुण, आणि ज्याचा गुणाकार मोठा तो वर.

समजा, 'सोलापुरी चादर' या शब्दांवर एका बड्या दुकानाने १० रुपयांची बोली लावली. पण त्याच्या पानावर पडद्यांपासून पायपुसण्यांपर्यंत सगळा बाजार मांडलेला, म्हणून गुण ४. गुणाकार ४०. माझ्या मित्राची बोली ७ रुपये, पण त्याच्या पानावर फक्त चादर, मापं नीट लिहिलेली, फोटो स्वच्छ, म्हणून गुण ८. गुणाकार ५६. मित्र वर. आणि गंमत पुढेच आहे. त्याला ७ रुपये द्यावेच लागत नाहीत. खालच्याच्या ४० ला मागे टाकायला जेवढे लागतात तेवढेच, म्हणजे ४० भागिले ८, पाच रुपयांहून किंचित जास्त.

यात यंत्राची दानत नाही, हिशोब आहे. लोक ज्या जाहिरातीवर बोटच ठेवत नाहीत तिने कितीही मोठी बोली लावली तरी यंत्राच्या गल्ल्यात काही पडत नाही. पण आपल्या कामाची गोष्ट अशी की पैसा कमी असलेल्याला नेमकेपणाच्या जोरावर इथे जागा मिळू शकते. मित्राने आधी नुसत्या 'चादर' या शब्दावर बोली लावली होती आणि पंधरा दिवसांत गल्ला मोकळा करून बसला होता. 'चादर' शोधणाऱ्याला दर्ग्यावर चढवायची हवी असेल, हॉस्टेलसाठी स्वस्तातली हवी असेल, नाहीतर नुसतं डिझाइन बघायचं असेल. 'सोलापुरी सुती चादर डबल बेड' असं टाइप करणारे थोडे, पण ते घ्यायलाच आलेले असतात.

आता आपल्या देशाकडे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढची पंधरा वर्षं ऑनलाइन खरेदी ही मोठ्या शहरातल्या कार्डवाल्यांची चैन होती. २००२ मध्ये रेल्वेचं तिकीट घरबसल्या मिळायला लागलं. कॉम्प्युटरवर पैसे भरले तर बुडत नाहीत, हा धडा लाखो लोकांना खरं म्हणजे रेल्वेने दिला. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळूरूत सुरू झालं, तेही पुस्तकांनीच. पण कुलूप उघडलं २०१० मध्ये, जेव्हा त्यांनी माल हातात पडल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली. कॅश ऑन डिलिव्हरी.

परदेशी लोकांना ही मागासलेली पद्धत वाटते. मला ती फार शहाणपणाची वाटते. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे द्यायचे नाहीत, हे आपल्याकडे पोरालाही शिकवलेलं असतं. या पद्धतीने जोखीम गिऱ्हाईकाच्या डोक्यावरून उचलली आणि विकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवली. गिऱ्हाईक मोकळं झालं आणि खरेदी वाढली. पण त्यातूनच एक नवा शब्द आमच्या कारखानदारांच्या तोंडी आला: 'आरटीओ'. लायसन्सवालं नव्हे. 'रिटर्न टू ओरिजिन'. पार्सल दारात गेलं आणि घरात कुणी नव्हतं, किंवा घरात होते पण आता मन नव्हतं, किंवा पोराने रात्री बाराला ऑर्डर टाकली होती आणि आईने सकाळी दार उघडलं. पार्सल आलं तसं परत. चादरीची घडी मोडलेली, पिशवी फाटलेली, आणि जाण्या-येण्याचं भाडं कारखानदाराच्या नावावर.

तर ती पट्टी. दर कंपनीगणिक आणि मालागणिक बदलतात, म्हणून खालचे आकडे नुसते समजुतीसाठी धरा.

चादर विकली ६५० रुपयांना. कमिशन १० टक्के, ६५ रुपये. दर ऑर्डरमागे ठराविक फी, २० रुपये. पाठवणावळ ७५. त्याच कंपनीच्या पानावर चादर वर दिसावी म्हणून केलेली जाहिरात, एका विक्रीमागे ४०. चादरीवरचा ५ टक्के जीएसटी या किमतीतच धरलेला, तो सुमारे ३१. या सगळ्यांची बेरीज २३१, उरले ४१९. कंपनीच्या फीवरही जीएसटी लागतो आणि थोडा कर आगाऊच (टीसीएस-टीडीएस) कापला जातो, पण ते जमाखर्चात पुढे वळते करून घेता येतात, म्हणून सोडून देऊ.

इथेच बरेच जण हिशोब थांबवतात आणि फसतात. दहा पार्सलं पाठवली, त्यातली दोन परत आली असं धरा. आठ विकली गेली, आठ गुणिले ४१९ म्हणजे ३,३५२. परत आलेल्या दोघांचं जाणं-येणं प्रत्येकी १५०, म्हणजे ३०० गेले. उरले ३,०५२. भागिले आठ, एका चादरीला ३८१ रुपये ५० पैसे. सूत, रंग, विणकराची मजुरी, वीज, खोका मिळून चादर ३६५ ला पडत असेल, तर नफा १६ रुपये ५० पैसे. दहातली तीन परत आली तर? सात गुणिले ४१९ म्हणजे २,९३३, वजा ४५०, भागिले सात. ३५४ रुपये आणि काही पैसे. आता दर चादरीमागे दहा रुपयांहून थोडे जास्तच खिशातून.

मित्राच्या म्हणण्याचा अर्थ मला इथे कळला. विक्रीचा आकडा ६५० दिसतो, ऑर्डरी भराभर येतात, कारखान्यात गडबड असते, आणि जगायचं की बुडायचं हे तिसऱ्या पार्सलावर ठरतं. ते तिसरं पार्सल कशामुळे परत येतं हे त्याने महिनाभर वहीत लिहून ठेवलं. निम्म्याहून जास्त वेळा कारण एकच: 'फोटोत मोठी दिसली'. मग त्याने पलंगावर अंथरलेल्या चादरीचा फोटो टाकला आणि मापं फुटांत लिहिली. इंचात आणि सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं कुणी वाचत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं, नोव्हेंबरात नोटबंदी झाली. फोन हाच बाजार झाला. याबद्दल इतकं लिहून झालंय की मी थांबत नाही. एवढंच सांगतो, की २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशो या विक्रीच्या अॅपने एक जुनी ओळखीची व्यक्ती पुन्हा धंद्यात आणली: साड्यांचं गाठोडं घेऊन घरोघर जाणारी बाई. फरक इतकाच की गाठोडं व्हॉट्सअॅपवर आलं. बाई माल विकत घेत नाही, फोटो पुढे पाठवते, त्यावर आपले पन्नास-शंभर लावते, माल परस्पर जातो. ओळखीचं भांडवल हेच तिचं भांडवल.

आणि फेसबुक, इन्स्टाग्राम? तिथे मधला माणूस आणखी हुशार निघाला. सुरुवातीला पान काढा, लोक जोडा, जे लिहाल ते त्यांना दिसेल, असा सौदा होता. फुकट गाळा. धंदेवाल्यांनी मेहनतीने हजारो माणसं जमवली. मग गर्दी वाढली तशी पोस्ट थोड्यांनाच दिसू लागली, आणि जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने उघडच सांगितलं की यापुढे मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य. म्हणजे तुम्ही जमवलेल्या माणसांपर्यंत पोचायला तुम्हीच पैसे भरा. नव्या पेठेत कुणी आधी गाळा फुकट देऊन गिऱ्हाईक लागल्यावर भाडं मागितलं असतं तर केवढा गोंधळ झाला असता. इथे सगळ्यांनी गुपचूप 'बूस्ट'चं बटण दाबलं.

मागे लागणाऱ्या जाहिरातींचं कोडंही यातच सुटतं. एकदा चादर बघितली की आठ दिवस ती बातम्यांत, क्रिकेटच्या स्कोअरमध्ये, पाककृतीत डोकावत राहते. फोन तुमचं बोलणं ऐकतो असं लोकांना वाटतं. त्याची गरजच नसते. कुकी नावाची छोटी खूणचिठ्ठी १९९४ पासून आहे. संकेतस्थळावर बसलेला जाहिरातवाला ती तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवतो, आणि तुम्ही दुसरीकडे गेलात की तिथेही तोच ती वाचून तुम्हाला ओळखतो. कपाळाला बुक्का बघून वारकरी ओळखावा तसं. २०२१ मध्ये अॅपलने आयफोनवर अॅपांना 'माग काढू का?' असं आधी विचारायला लावलं आणि बहुतेकांनी नको म्हटलं, तेव्हापासून हे काम थोडं अवघड झालंय.

आता आमच्या गावाचं खास दुखणं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, जीआय. कायद्याने हे नाव सोलापूरच्या मालाचं. पण ऑनलाइन बाजारात नावाचं रूपांतर शोधशब्दात होतं. 'सोलापुरी' असं टाइप करणारे लोक आहेत म्हटल्यावर ज्याला गिऱ्हाईक हवं तो आपल्या मालाच्या मथळ्यात हा शब्द घुसवतो, मग माल कुठल्याही राज्यात विणलेला असो आणि त्यात सुताऐवजी पॉलिस्टर असो. वर लिलावाचं जे सांगितलं ते आठवा: आपल्याच गावाच्या नावासाठी आपल्या कारखानदाराला बोली लावावी लागते, आणि समोरचा बोली लावणारा कधी सोलापूर स्टेशनवर उतरलेलाही नसतो. दोनचार पिढ्यांच्या विणकरांनी कमावलेल्या नावाचं भाडं तिसराच कुणी खातो, याचा राग येतो आणि यायला हवा.

घेणाऱ्याला हे थोडंफार तपासता येतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दाखवावा लागतो. खाली बारीक अक्षरात असतो, पण असतो. पत्ता सोलापूरचा आहे का आणि कापडापुढे 'शंभर टक्के सुती' लिहिलंय का, एवढं बघितलं तरी निम्मी भेसळ गळते. विकणाऱ्याने जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी, म्हणजे तक्रार करताना हातात कागद असतो.

आमच्या शेजारच्या अक्का शेंगा चटणी करतात, उखळात कुटून, तेल सुटेपर्यंत. त्यांना मी या सगळ्या भानगडीत उतरवलं, याची कबुली द्यायला हवी. अन्नसुरक्षेची नोंदणी काढून दिली, पाकिटावर तो १४ आकडी नंबर छापला. ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न काढता, नुसता एनरोलमेंट नंबर घेऊन, राज्यातल्या राज्यात बाजारपेठ अॅपवर विकता येतं, तेही करून दिलं. पहिल्या महिन्यात ३१ पाकिटं गेली. पट्टी आली तेव्हा अक्कांनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "हे 'फी' म्हणून तीनदा लिहिलंय, ते एकदाच घेत न्हाईत काय?"

अॅप त्यांनी बंद केलं नाही. पण प्रत्येक पाकिटात आता त्या एक चिठ्ठी घालतात. वहीच्या पानावर निळ्या शाईत, आपला व्हॉट्सअॅप नंबर आणि खाली 'लसूण कमी-जास्त करून मिळेल'. असल्या चिठ्ठ्या अॅपवाल्यांना चालत नाहीत, हे मी सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मग त्यांनी लसूण विचारावा."

काल त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. हडपसरहून फोन आला, कडक भाकरीची दोन बंडलं आणि अर्धा किलो चटणी, तिखट बेताचं. अक्कांनी उखळ धुवायला घेतलं.